माघार घेणारी तुकडी ठेवायची कुठे? युद्धपटावरचा सर्वाधिक चुकणारा नियम, पायरी पायरीने

दर रविवारी नेरूळमधल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आमचा गट युद्धाचे पटखेळ खेळायला जमतो. ठाणे, ऐरोली, घणसोलीहून मंडळी ट्रान्सहार्बरने येतात आणि मेगाब्लॉक असला की तासभर उशिरा येतात. नवीन खेळाडू हल्ला करायला दहा मिनिटांत शिकतो. अडतं ते हरलेली तुकडी हातात घेतल्यावर. "दादा, ही आता कुठे ठेवू?" असं कुणी विचारलं की टेबलाभोवतून चार उत्तरं येतात. बहुतेक वेळा ती चारही खरी असतात, पण चार वेगवेगळ्या खेळांची. एका खेळाचा माघारीचा नियम डोक्यात घेऊन दुसरा खेळ खेळणं, ही चूक मी सर्वात जास्त वेळा पाहिली आहे. आणि ती झालेली कळते तेव्हा पट इतका पुढे गेलेला असतो की मागे नेता येत नाही.

खालचा क्रम आम्ही प्रत्येक युद्धपटासाठी वापरतो. उदाहरणं डिप्लोमसी, ॲक्सिस अँड अलाईज १९४२, मेमॉयर ४४, गेम ऑफ थ्रोन्सची दुसरी आवृत्ती, ट्वायलाइट इम्पीरियमची चौथी आवृत्ती आणि साइद या खेळांतली आहेत. तुमचा खेळ वेगळा असला तरी प्रश्न हेच राहतात.

टप्पा १: पट मांडण्याआधी माघारीची चिठ्ठी लिहा

पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. नियमपुस्तिका उघडून त्यावर पेन्सिलीने पाच प्रश्नांची उत्तरं लिहा:

१. माघार कोण घेऊ शकतो: हल्ला करणारा, बचाव करणारा की दोघंही?
२. ते कधी ठरतं: फासे टाकण्याआधी की नंतर?
३. कुठली घरं बंद आहेत आणि उघड्या घरांतून निवड कोण करतो?
४. जायला जागाच नसेल तर काय होतं?
५. मागे गेलेली तुकडी त्यानंतर काय करू शकते आणि काय नाही?

पाचांपैकी एक जरी उत्तर सापडलं नाही, तरी खेळ सुरू करू नका. ते पुस्तिकेत असतं, पण लढाईच्या पानावर असेलच असं नाही. गेम ऑफ थ्रोन्समध्ये वेढायंत्राला माघार नाही, हे तुकड्यांच्या वर्णनात लपलेलं आहे. मेमॉयर ४४ मध्ये बंकरमधल्या तुकडीची सवलत भूप्रदेशाच्या माहितीत आहे. समुद्रातून उतरवलेल्या सैन्याचे नियम बहुतेक खेळांत आणखी तिसरीकडेच सापडतात. म्हणून शोधताना चार ठिकाणं बघा: लढाई, तुकड्या, भूप्रदेश, समुद्र.

*तपासा:* चिठ्ठी टेबलाच्या मध्यभागी, सर्वांना वाचता येईल अशी ठेवली आहे का? पुस्तिका एकाच्या मांडीवर असली की तो माणूस नकळत पंच होतो, आणि तोही खेळत असतो.

टप्पा २: हक्क कोणाचा, ते आधी बघा

इथे खेळांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ॲक्सिस अँड अलाईजमध्ये माघार फक्त हल्लेखोराची. बचाव करणारा शेवटच्या तुकडीपर्यंत लढतो. याला एक अपवाद आहे: शत्रूची विनाशिका त्या लढाईत नसेल, तर पाणबुडीला बुडी मारून लढाईतून बाहेर पडता येतं, मग ती कोणत्याही बाजूची असो. रिस्कमध्ये खरी माघार नाहीच. हल्लेखोर फासे टाकायचं थांबवतो, इतकंच. त्याचं सैन्य मुळात आपल्याच प्रदेशात उभं असतं. डिप्लोमसीत याच्या उलट आहे. तिथे फसलेला हल्लेखोर जागच्या जागी राहतो आणि हुसकावलं गेलं त्याने मागे जायचं असतं. ट्वायलाइट इम्पीरियममध्ये अंतराळातल्या लढाईत दोन्ही बाजूंना माघार आहे, पण ग्रहावरच्या जमिनीच्या लढाईत कोणालाच नाही.

सावध: "मी एवढेच दोन मागे घेतो, बाकीचे लढू देत" असं ॲक्सिस अँड अलाईजमध्ये चालत नाही. जमिनीवरून आलेलं सैन्य मागे गेलं तर सगळं एकत्र जातं. समुद्रातून किनाऱ्यावर उतरवलेल्या तुकड्यांना तर परतीची वाट नाहीच, त्यांनी जिंकायचं किंवा संपायचं. चढाईची योजना आखतानाच हे डोक्यात असलं पाहिजे. तिसऱ्या फेरीत आठवून काही उपयोग नाही.

टप्पा ३: माघार कोणत्या क्षणी जाहीर करायची

ॲक्सिस अँड अलाईजमध्ये दोन्ही बाजूंचे फासे पडतात, मेलेल्या तुकड्या काढल्या जातात आणि मग हल्लेखोर ठरवतो: आणखी एक फेरी की मागे. म्हणजे निकाल बघून निर्णय.

ट्वायलाइट इम्पीरियममध्ये निर्णय आंधळा असतो. फेरीच्या सुरुवातीला, फासे टाकण्याआधी माघार जाहीर करावी लागते. आधी बचाव करणाऱ्याला विचारायचं. त्याने जाहीर केली, तर त्या फेरीत हल्लेखोराला करता येत नाही. जाहीर करून लगेच निघताही येत नाही. ती फेरी पूर्ण लढायची, मार खायचा, आणि समोर शत्रूची जहाजं उरली असतील तर फेरीच्या शेवटी निघायचं. फासे चांगले पडले म्हणून "आता थांबतो" म्हणता येत नाही.

आमच्याकडे याच जागी सर्वात जास्त गोंधळ व्हायचा, कारण टेबलावरची अर्धी मंडळी ॲक्सिस अँड अलाईज खेळून आलेली होती. मग आम्ही एक साधी सवय लावली. प्रत्येक फेरीआधी फासे हातात घेण्यापूर्वी बचाव करणाऱ्याला मोठ्याने विचारायचं: "माघार?" त्याने "नाही" म्हटलं की हल्लेखोराला विचारायचं. दोन्ही उत्तरं आली की मगच फासे. पहिल्या रविवारी हे कंटाळवाणं वाटतं. पण फासे पडल्यावर "मी तर मनात ठरवलं होतं" हे वाक्य आमच्या टेबलावरून त्यानंतर हद्दपार झालं.

टप्पा ४: आधी नुकसान, मग पाऊल

मेमॉयर ४४ मध्ये फाशावर झेंडा पडला की समोरच्या तुकडीने एका झेंड्याला एक षट्कोन मागे जायचं असतं. नवखे खेळाडू झेंडा दिसताच तुकडी उचलतात. तसं करू नका. क्रम असा:

१. आधी मार लागलेले फासे मोजा आणि तेवढे सैनिक काढा.
२. तुकडीत कोणी उरलं का? नसेल तर झेंड्यांना अर्थ नाही.
३. झेंडे मोजा. तुकडी वाळूच्या पोत्यांमागे किंवा बंकरमध्ये असेल तर पहिला झेंडा सोडून देता येतो.
४. उरलेल्या झेंड्यांइतके षट्कोन, एक एक करत, मागे न्या.

मागे म्हणजे आपल्या बाजूच्या कडेकडे. आडवं सरकणं ही माघार नव्हे. प्रत्येक षट्कोनाच्या मागच्या बाजूला दोनच शेजारी असतात. त्या दोन्हींत कोणी उभं असेल, मग ते आपलंच का असेना, किंवा तिथे जाताच येत नसेल, तर जेवढे षट्कोन हुकले तेवढे सैनिक काढायचे. दोनांपैकी एक जरी रिकामा असेल तर त्यातच जायचं. दोन्ही रिकामे असतील तर निवड माघार घेणाऱ्याची, हल्लेखोराची नव्हे.

एक हिशोब करून बघू. चार सैनिकांच्या पायदळ तुकडीवर तीन फासे पडले: एक पायदळाचा, दोन झेंडे. एक सैनिक काढला, तीन उरले. पहिल्या झेंड्याला तुकडी एक षट्कोन मागे गेली. तिथून मागचे दोन्ही षट्कोन आपल्याच तोफा आणि रणगाड्यांनी अडवलेले. दुसरा झेंडा पाळता येत नाही, म्हणून आणखी एक सैनिक गेला. शेवटी दोन. पुढच्या रांगेच्या मागे गर्दी करू नका, असं मी नव्यांना सांगतो ते यासाठी. दाटीवाटीने उभं केलेलं सैन्य मागे हटू शकत नाही आणि जागच्या जागी मरतं.

जंगल, झुडपं, गाव यांचा चालण्यावरचा अडथळा माघारीत लागू नाही. जिथे मुळीच जाता येत नाही अशी जागा मात्र तशीच बंद राहते.

सावध: याच घराण्यातल्या कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्समध्ये एक झेंडा म्हणजे एक षट्कोन नाही. तिथे प्रत्येक झेंड्याला तुकडीच्या पूर्ण चालीइतकं मागे जावं लागतं. दोन षट्कोन चालणारं हलकं पायदळ एका झेंड्याला दोन षट्कोन मागे जातं. मात्र शेजारी दोन मित्रतुकड्या असतील, तर एक झेंडा दुर्लक्षित करता येतो. फासे सारखे दिसतात म्हणून नियमही सारखे समजू नका.

टप्पा ५: बंद घरं एक एक करून खोडा

माघारीचं घर शोधू नका. सगळे शेजारी लिहा आणि जे बंद आहेत ते खोडत जा. उरेल ती तुमची निवड. या पद्धतीची खरी परीक्षा डिप्लोमसीत होते, म्हणून एक पूर्ण उदाहरण घेतो.

शरद ऋतूची चाल. जर्मनीची सेना म्युनिकमध्ये. ऑस्ट्रियाने बोहेमियातून म्युनिकवर हल्ला केला आणि टायरोलच्या सेनेने त्याला पाठिंबा दिला, म्हणजे एकास दोन अशी ताकद झाली. म्युनिक पडलं. त्याच चालीत फ्रान्सची पॅरिसची सेना आणि जर्मनीची रुरची सेना या दोघींनी बर्गंडीत जायचा प्रयत्न केला. ताकद समान, दोघीही आपापल्या जागी राहिल्या, बर्गंडी रिकामंच. शिवाय जर्मनीच्या बर्लिनच्या सेनेने बाल्टिकमधल्या आरमाराच्या पाठिंब्याने प्रशियावर हल्ला करून तिथल्या रशियन सेनेला हुसकावलं.

आता म्युनिकचे सात शेजारी लिहा: रुर, कील, बर्लिन, सायलेशिया, बोहेमिया, टायरोल, बर्गंडी.

टायरोल आणि रुर खोडा, तिथे सेना उभ्या आहेत. बोहेमिया खोडा. ऑस्ट्रियाची सेना निघाल्यामुळे ते रिकामं आहे, तरी हल्ला तिथूनच आला. बर्गंडीही खोडा. तेही रिकामं आहे, पण याच चालीत तिथे बरोबरीची टक्कर झाली आहे. हे चौथं खोडणं जवळजवळ प्रत्येक नवखा विसरतो, कारण पटाकडे बघून टक्कर दिसत नाही. ती फक्त हुकूम लिहिलेल्या कागदांवर दिसते. म्हणून माघार लिहून होईपर्यंत हुकमांचे कागद टेबलावरून उचलू नका.

उरले कील, बर्लिन आणि सायलेशिया. "काका, बर्लिन कसं चालेल? तिथून हल्ला झालाय ना!" हा प्रश्न आमच्याकडे आला होता आणि प्रश्न चांगला होता. बर्लिनमधून हल्ला झाला तो प्रशियावर. बंदी असते ती *तुमच्यावर* हल्ला ज्या घरातून आला त्याला. म्युनिकच्या सेनेसाठी बर्लिन उघडं आहे. प्रशियातून हुसकावलेल्या रशियन सेनेसाठी मात्र बंद आहे. तिच्यापुढे सायलेशिया, वॉर्सा आणि लिव्होनिया आहेत.

आता दोघांनीही सायलेशिया लिहिलं तर? दोन्ही सेना पटावरून जातात. माघारीत टक्कर होऊन परत जागेवर येणं नसतं. माघारीला पाठिंबा देता येत नाही आणि आरमारातून पलीकडे पोचवताही येत नाही. एकाच खेळाडूच्या दोन सेना एकाच घरात शिरल्या तरी निकाल हाच.

म्हणून माघारीचे हुकूम सर्वांनी एकाच वेळी, गुपचूप, आपसात न बोलता लिहायचे. पुष्कळ गटांत हे तोंडी, एकामागून एक सांगितलं जातं. पहिला बोलतो, दुसरा ऐकून आपलं घर बदलतो. हा नियमभंगच आहे, आणि वाईट म्हणजे तो प्रामाणिकपणे होतो, कोणाला कळतही नाही.

*तपासा:* शरद ऋतूत क्रम असा आहे: चाली, माघारी, मग पुरवठा केंद्रांची मोजणी (जितकी केंद्रं ताब्यात, तितक्याच सेना आणि आरमारं ठेवता येतात), मग सैन्याची भर किंवा घट. माघारीआधी केंद्रं मोजली तर आकडा चुकू शकतो. शरदातली माघार शत्रूच्या रिकाम्या केंद्रात झाली तर ते केंद्र माघार घेणाऱ्याचं होतं. मला हा डाव फार आवडतो, कारण हरलेली लढाईही कधी कधी एक केंद्र मिळवून देते.

सेना स्वतःहून पटावरून काढून टाकायचीही मुभा आहे. लांबच्या कोपऱ्यात अडकलेली सेना शरदात काढली, तर केंद्रांची संख्या परवानगी देत असेल आणि मायदेशातलं आपलं केंद्र रिकामं असेल, तेव्हा हिवाळ्यात ती घराजवळ पुन्हा उभी करता येते. हा पर्याय नेहमी चिठ्ठीवर लिहून ठेवा, कारण ऐन वेळी तो आठवत नाही.

टप्पा ६: "आला तिथून" या शब्दांचे दोन अर्थ

बहुतेक खेळांत हल्ला आला ते घर महत्त्वाचं असतं, पण ते कधी सक्तीचं असतं आणि कधी बंद. यासाठी वेगळा टप्पा ठेवावा लागला, इतक्या चुका इथे होतात.

मागे जाणारा *हल्लेखोर* असेल तर तो सहसा आल्या वाटेनेच जातो, कबड्डीत चढाईला गेलेला गडी आपल्याच अंगणात परततो तसा. गेम ऑफ थ्रोन्समध्ये हरलेला हल्लेखोर निघाला त्याच प्रदेशात परततो, त्याला निवड नाही. ॲक्सिस अँड अलाईजमध्ये थोडी सूट आहे. दोन प्रदेशांतून हल्ला केला असेल तर सगळं सैन्य त्यांपैकी कोणत्याही एका प्रदेशात मागे जाऊ शकतं. एक पायदळ उत्तरेकडून आणि सहा रणगाडे दक्षिणेकडून आले असतील, तर सातही उत्तरेला जाऊ शकतात. ही पळवाट नाही, नियम आहे आणि तो जरूर वापरा. विमानं या माघारीत जात नाहीत. ती त्याच पाळीत नंतरच्या हालचालीत उतरतात. जमिनीवरचं मागे गेलेलं सैन्य मात्र त्या पाळीत पुन्हा हलत नाही.

मागे जाणारा *बचाव करणारा* असेल तर हल्लेखोराचं घर त्याला बंद. गेम ऑफ थ्रोन्समध्ये हल्लेखोर निघून गेल्यामुळे तो प्रदेश रिकामा दिसत असला तरी तिथे शिरता येत नाही.

टप्पा ७: मागे गेलेल्या तुकडीची नवी अवस्था

तुकडी ठेवली म्हणजे काम संपलं, असं समजून लोक पुढच्या चालीकडे वळतात. थांबा. गेम ऑफ थ्रोन्समध्ये अजून चार गोष्टी बाकी असतात.

हरलेल्या बाजूची वेढायंत्रं काढून टाका, ती मागे जात नाहीत. उरलेल्या सगळ्या तुकड्या एकाच प्रदेशात गेल्या आहेत का बघा, फाटाफूट चालत नाही. मग पुरवठा मोजा. फौज म्हणजे एकाच प्रदेशात उभ्या असलेल्या दोन किंवा जास्त तुकड्या. पुरवठा शून्य असेल तर दोनच फौजा, प्रत्येकी जास्तीत जास्त दोन तुकड्यांच्या, ठेवता येतात. तुमची एक सरदार (नाइट) तुकडी जिथे उभी आहे तिथे दोन पायदळं मागे आणली तर तीन होतात. मर्यादा ओलांडणारी तेवढी माघारी तुकडी नष्ट करावी लागते. म्हणून दुसरा मोकळा प्रदेश असेल तर आधी तो बघा. शेवटी मागे गेलेल्या तुकड्या *आडव्या* करा. आडव्या तुकडीची लढाईत ताकद शून्य असते, आणि ती पुन्हा हरली तर मागे न जाता थेट मरते. फेरीच्या शेवटी ती उभी होते.

तुकड्या आडव्या करायला विसरणं ही छोटी गोष्ट वाटते, पण त्याच फेरीत कोणी त्या प्रदेशावर हल्ला केला तर सगळा हिशोब चुकतो. आमच्याकडे एकदा असंच झालं. दोन चालींनंतर लक्षात आलं तेव्हा कोणती तुकडी आडवी असायला हवी होती हे कोणालाच खात्रीने सांगता येईना. तो खेळ आम्ही तिथेच थांबवला. तीन तास वाया गेले आणि ठाण्याला जाणारी मंडळी गप्प गप्प निघून गेली.

ट्वायलाइट इम्पीरियममध्ये जहाजं शेजारच्या अशा प्रणालीत (पटावरच्या एका घरात) जातात जिथे इतर कोणाची जहाजं नाहीत आणि तुमची एखादी तुकडी किंवा ताब्यातला ग्रह आहे. तिथे तुमचं आज्ञा-टोकन आधीच नसेल तर एक ठेवावं लागतं, म्हणजे त्या फेरीत तुम्ही ती प्रणाली सक्रिय करू शकत नाही, तिथे जहाजं नेण्याची चाल खेळू शकत नाही. साइदमध्ये गोष्ट सोपी आहे. हरलेल्याच्या त्या घरातल्या सगळ्या तुकड्या तळावर परततात आणि माल जागेवरच राहतो. जिंकणारा हल्लेखोर असेल, तर त्याने हुसकावलेल्या प्रत्येक कामगारामागे लोकप्रियतेचा एक गुण गमवायचा असतो. हे मोजायला कोणाच्या लक्षात राहत नाही.

जिंकणाऱ्याचीही एक तपासणी राहते. मेमॉयर ४४ मध्ये जवळून हल्ला करून घर मोकळं केलं तर पायदळ आणि रणगाडे त्यात पुढे जाऊ शकतात, तोफा जाऊ शकत नाहीत. पुढे जायचं की नाही हे लगेच विचारा. पुढची चाल सुरू झाल्यावर तो हक्क मागू देऊ नका.

टप्पा ८: वाद झालाच तर

लढाई सुरू होण्याआधी पटाचा मोबाइलवर एक फोटो काढा, प्रत्येक मोठ्या लढाईआधी. त्यात तुकड्या, टोकनं आणि आडव्या-उभ्या अवस्था दिसल्या पाहिजेत. वाद झाला की कोणीही पटाला हात लावायचा नाही. फोटो, मग चिठ्ठी, मग पुस्तिका, या क्रमाने बघायचं. त्या लढाईत जो सामील नाही त्याने मोठ्याने वाचायचं. पाच मिनिटांत उत्तर सापडलं नाही तर लढाईत नसलेल्यांनी मत द्यायचं, तो निर्णय त्या दिवसापुरता चिठ्ठीवर लिहायचा आणि पुढे खेळायचं. खरा नियम घरी जाऊन शोधा आणि पुढच्या रविवारी पट उघडायच्या आधी सर्वांना वाचून दाखवा. जुनी चिठ्ठी खोक्यातच ठेवा. तो खेळ पुन्हा निघतो तेव्हा पाचपैकी चार उत्तरं लिहिलेली मिळतात.